घर कुणाचं राहिलं : मिसिसिपीतल्या लेखक-गायकांच्या गावांतून

सोमवार, मेम्फिस

मेम्फिस आहे टेनेसी राज्यात, पण त्याचा जीव खालच्या मिसिसिपीत. तिथल्या डेल्टातला, म्हणजे सपाट गाळाच्या जमिनीतला कापूस विकायला इथं यायचा, आणि तो वेचून कंटाळलेली माणसंही इथंच यायची, शिकागोची गाडी पकडायला. माझा भाचा इथं नोकरीला आहे. ऑक्टोबरात त्याला रजा मिळाली आणि माझी निवृत्ती होतीच. त्याला ब्लूज, म्हणजे इथल्या काळ्या माणसांचं गाणं, ऐकायचं होतं, मला लेखकांची घरं बघायची होती. गाडी त्याची, यादी माझी.

यादीतलं पहिलं ठिकाण घर नव्हतंच. फ्रंट स्ट्रीटवरचं कॉसिट ग्रंथालय. १८९३ सालची लाल दगडाची इमारत १९५० च्या दशकात बरीचशी पाडली आणि पुढं नव्या धाटणीचा सपाट दर्शनी भाग जोडला. मागं जुना लाल दगड थोडा उरलाय, तो बघायला बाजूच्या गल्लीत जावं लागतं.

पुढं लेखक झालेला काळा तरुण रिचर्ड राइट १९२५ ते १९२७ च्या सुमारास मेम्फिसमध्ये चष्म्याच्या कंपनीत पोऱ्या म्हणून काम करायचा. वर्तमानपत्रात एच. एल. मेंकेन या पत्रकार-लेखकावर टीका आलेली त्यानं वाचली. दक्षिणेतले गोरे ज्याला इतक्या शिव्या घालतात तो गोरा माणूस लिहितो तरी काय, हे त्याला बघायचं होतं. पण काळ्यांना ग्रंथालयातून पुस्तक मिळत नसे. एका आयरिश कॅथलिक सहकाऱ्यानं आपलं कार्ड दिलं. राइटनं त्याच्या नावानं चिठ्ठी खरडली, ‘या पोराला मेंकेनची पुस्तकं द्यावीत’ अशी, आणि संशय येऊ नये म्हणून स्वतःसाठी ‘पोरा’च्या आधी गोरे काळ्यांना देत ती शिवी लिहिली. ग्रंथपाल बाईनं विचारलं, तू तर नाहीस ना वाचणार? तो म्हणाला, मला वाचता येत नाही. ‘ब्लॅक बॉय’ या त्याच्या आत्मचरित्रातला हा प्रसंग मी विद्यार्थ्यांना कितीदा सांगितला असेल! मेम्फिसची ग्रंथालयं काळ्यांना खुली झाली ती १९६० साली, तीही विद्यार्थ्यांनी आत जाऊन ठाण मांडल्यावर.

राइटचं नाव मी पहिल्यांदा ऐकलं ते इंग्रजीच्या वर्गात नव्हे. तेव्हाच्या औरंगाबादेत नागसेनवनाच्या वाऱ्यावर ही नावं असायची. म. ना. वानखेडे अमेरिकेत शिकून आलेले, मिलिंद महाविद्यालयाचे प्राचार्य. काळ्या लेखकांनी काय केलं ते बघा, असं ते तरुण दलित लेखकांना सांगत. गंगाधर पानतावण्यांचं ‘अस्मितादर्श’ नियतकालिक होतं. जनार्दन वाघमारे यांचं ‘अमेरिकन नीग्रो : साहित्य आणि संस्कृती’ १९७८ मध्ये आलं. दलित पँथरचं नाव अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरवरून आलं ते तर सगळ्यांना ठाऊक आहे. गोरा कादंबरीकार विल्यम फॉकनर मात्र आमच्याकडे विद्यापीठाच्या अभ्यासक्रमातून आला, वरच्या दारानं. ही दोन माणसं एकाच राज्यातली, वयात अकरा वर्षांचं अंतर, हे लक्षात यायला मला नकाशा बघावा लागला.

संध्याकाळी बील स्ट्रीट. निऑनची जत्रा आहे. भाच्यालाही आवडली नाही.

मंगळवार, ऑक्सफर्ड

दीड तासाचा रस्ता, दोन्ही बाजूंना टेकड्या आणि झाडी. ऑक्सफर्ड हे टुमदार विद्यापीठाचं गाव. मधोमध न्यायालयाची पांढरी इमारत, भोवती चौक, चौकात गृहयुद्धातल्या दक्षिणेच्या सैनिकाचा पुतळा. फॉकनरच्या ‘द साउंड अँड द फ्युरी’ या कादंबरीच्या शेवटी गाडी या पुतळ्याला चुकीच्या बाजूनं वळते आणि मतिमंद बेंजी ऊर फुटेस्तोवर रडतो. भाच्याला मी हे सांगितलं. त्यानं पुतळ्याला योग्य बाजूनं वळसा घातला आणि विचारलं, “झालं समाधान?”

चौकातलं ‘स्क्वेअर बुक्स’ १९७९ पासूनचं. वरच्या मजल्यावर कॉफी घेऊन गॅलरीत बसता येतं. तिथं जास्त वेळ गेला.

फॉकनरचं घर ‘रोवन ओक’ गावाच्या कडेला, देवदाराच्या रांगांमधून आत गेल्यावर. १८४० च्या दशकातलं, पुढं पांढरे खांब असलेलं. त्यानं १९३० मध्ये घेतलं तेव्हा ना वीज होती ना नळ. ‘अ‍ॅज आय ले डाइंग’ त्याच्या आदल्या वर्षी विद्यापीठाच्या वीजघरात रात्रपाळी करताना लिहिलेली. आता घर विद्यापीठाकडे आहे. अभ्यासिकेत टेबलावर छोटा अंडरवुड टाइपरायटर, आणि भिंतीवर ‘अ फेबल’ या कादंबरीचा आराखडा थेट हातानं लिहिलेला, वारांच्या मथळ्यांखाली. सोमवारपासून रविवारपर्यंत सगळे वार, आणि ‘उद्या’ दाराआडच्या भिंतीवर. कादंबरी त्याच्या उत्तम कादंबऱ्यांत मोडत नाही. पुलित्झर मात्र तिला मिळालं. भिंत बघायला लोक येतात ते कादंबरी न वाचता, आणि त्यात काही बिघडत नाही.

बायकोच्या खोलीत खिडकीत एसी आहे. फॉकनरला यंत्राचा गारवा खपत नसे. जुलै १९६२ मध्ये तो गेला आणि अंत्यसंस्काराच्या दुसऱ्याच दिवशी एस्टेलबाईंनी हा बसवून घेतला, असं सांगतात. मिसिसिपीचा जुलै मी ऐकून आहे. बाईंची बाजू मला पटते.

खरं बघायचं ते घराच्या मागं. तिथं कॅरोलाइन बारची छोटी खोली आहे. गुलामीत जन्मलेली ही बाई. फॉकनर तिच्या अंगाखांद्यावर वाढला, गोष्टी तिच्याकडून ऐकल्या. १९४० मध्ये ती गेली तेव्हा त्यानं तिची प्रार्थनासभा आपल्या दिवाणखान्यात घेतली, स्वतः बोलला, आणि ‘गो डाउन, मोझेस’ तिला अर्पण केली. माया खरी असणार, त्याबद्दल शंका नाही. पण दिवाणखाना तिच्या वाट्याला आला तो शवपेटीत असताना. फॉकनरच्या नोबेलच्या गोष्टीत तिची खोली मागच्या अंगणातच राहते, आणि बहुतेक पर्यटक तिच्यावरून नजर फिरवून गाडीकडे वळतात.

जाताजाता विद्यापीठात जेम्स मेरेडिथचा पुतळा. १ ऑक्टोबर १९६२ ला तो इथला पहिला काळा विद्यार्थी म्हणून दाखल झाला. आदल्या रात्रीच्या दंगलीत दोन माणसं मेली होती. फॉकनरला जाऊन तेव्हा तीन महिनेही झाले नव्हते.

बुधवार, क्लार्क्सडेल

टेकड्या एकदम संपतात. पुढं डेल्टा, म्हणजे मिसिसिपी आणि याझू या नद्यांच्या मधली गाळाची जमीन, क्षितिजापर्यंत सपाट. कापसाचा हंगाम होता. वेचणीयंत्रं चालू होती आणि शेतांच्या कडेला पिवळ्या-गुलाबी प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेले कापसाचे भलेमोठे लोड पडले होते. मराठवाड्याच्या बाईला कापूस नवा नाही. वेचणाऱ्या बायकाच नसलेलं शेत नवं होतं.

वेचणारी माणसं नाहीशी कुठं झाली याचं उत्तर गावाबाहेरच मिळतं. हॉप्सन मळ्यावर १९४४ च्या ऑक्टोबरात इंटरनॅशनल हार्वेस्टरच्या यंत्रांनी वेचणीचं जाहीर प्रात्यक्षिक दिलं. तोवर इथली शेती बटाईची होती. बी, अवजारं, वर्षभराचा किराणा मालकाच्या दुकानातून उधार, आणि सुगीला हिशेब मालकाच्याच वहीत. वर्ष संपलं तरी देणं संपत नसे. लोक आधीपासूनच निसटत होते, यंत्रानं उरलेल्यांची गरज संपवली. हॉप्सनवर आता बटाईदारांच्या झोपड्यांसारखी खोपटं पर्यटकांना रात्रीच्या भाड्यानं मिळतात, आत एसी वगैरे. भाच्याला एक रात्र राहायचं होतं. मी नको म्हटलं. कारण सांगायला गेले तर भाषण झालं असतं.

डेल्टा ब्लूज म्युझियम १९७९ मध्ये निघालं. आता ते रेल्वेच्या जुन्या मालधक्क्यात आहे. आत ब्लूज गायक मडी वॉटर्सची झोपडी उभी केलीये, ओंडक्या-फळ्यांची, स्टोव्हल मळ्यावरून उचलून आणलेली. १९४१ च्या ऑगस्टमध्ये लायब्ररी ऑफ काँग्रेसतर्फे लोकगीतं गोळा करणारा अ‍ॅलन लोमॅक्स ध्वनिमुद्रणयंत्र घेऊन तिच्या दारात आला. मडी ट्रॅक्टर चालवायचा. त्यानं आपला आवाज पहिल्यांदा तबकडीवरून परत ऐकला आणि आपल्याला हे जमतं अशी त्याची खात्री पटली. दोन वर्षांत तो शिकागोला होता. झोपडी इथं येण्याआधी तिचं प्रदर्शन गावोगाव फिरलं, आणि तिच्या एका फळीची एका रॉक गिटारवादकानं गिटार करवून घेतली. रोवन ओकची फळी कुणी गिटारसाठी देईल का, असा प्रश्न मला पडला, तो मी मोठ्यानं विचारला. भाचा म्हणाला, “मावशी, गिटार झाली तर बरंच की. वाजते तरी.” यावर मला चटकन उत्तर सुचलं नाही.

लोमॅक्सचं नाव सगळ्या पाट्यांवर आहे. त्याच्यासोबत फिस्क विद्यापीठाचा जॉन वर्क होता, काळा संगीततज्ज्ञ. या गावांचा अभ्यास हा त्या दोघांचा, दोन संस्थांचा मिळून प्रकल्प. वर्कचं हस्तलिखित गहाळ झालं आणि छापून आलं ते २००५ मध्ये. मधली साठेक वर्षं ही गोष्ट एकाच्याच नावावर चालली.

दुपारी सनफ्लॉवर नदीजवळचं रिव्हरसाइड हॉटेल बाहेरून पाहिलं. २०२० च्या वादळात त्याची मोडतोड झाली. हे आधी काळ्यांचं इस्पितळ होतं. गायिका बेसी स्मिथ सप्टेंबर १९३७ मध्ये मोटार अपघातानंतर इथं वारली. गोऱ्यांच्या इस्पितळानं तिला दारातून परत पाठवलं म्हणून ती मेली, अशी कथा जगभर गेली, तिच्यावर नाटकही आलं. तसं घडलं नव्हतं. तिला थेट इथंच आणलं होतं. वेगळी इस्पितळं इतकी गृहीत होती की गोऱ्यांच्या दारात नेण्याचा प्रश्नच कुणाला पडला नाही. मला ही खरी हकीकत त्या कथेपेक्षा जास्त भयंकर वाटते. १९४४ मध्ये इस्पितळाचं हॉटेल झालं, आणि गोऱ्यांच्या हॉटेलांत जागा न मिळणारे वादक इथं उतरू लागले.

त्याच गावात सेंट जॉर्ज चर्चशेजारी पाद्र्याचं घर नीटस उभं आहे. नाटककार टेनेसी विल्यम्सचे आजोबा इथले पाद्री, त्याचं लहानपण बरंचसं इथं गेलं. त्याच्या नाटकांत येणारी डेल्टातली नावं याच भागातली. बरं घर आहे. दहा मिनिटांत झालं.

रात्री एका छोट्या ठेप्यावर ब्लूज ऐकलं. लाल दिवे, बुटकं छत, म्हातारा गिटारवाला. श्रोत्यांत निम्मे युरोपियन. भाचा रात्री उशिरापर्यंत हलला नाही.

गुरुवार, डॉकरी ते ग्रीनवुड

आजचा दिवस थडग्यांचा. भाच्यानं सकाळीच नाव ठेवलं.

आधी डॉकरी फार्म्स, क्लीव्हलँड आणि रूलव्हिल यांच्या मधे. १८९५ मध्ये विल डॉकरीनं जंगल तोडून वसवलेला मळा. स्वतःचं दुकान, जिनिंग, रेल्वेचा फाटा, सगळं होतं. मजुरांत ब्लूज गायक चार्ली पॅटन होता, आणि त्याच्या अवतीभोवती शिकलेल्यांची यादी म्हणजे ब्लूजचा निम्मा इतिहास. ब्लूजचा जन्म डॉकरीवर झाला असं सरसकट म्हणतात. एका मळ्याला इतकं श्रेय देणं मला पटत नाही. पण शेकडो बटाईदार कुटुंबं, शनिवारी हातात रोकड आणि रविवारी सुटी, हे एका जागी आलं की गाणाऱ्याला श्रोते मिळतात, एवढं खरं. मालकाचं नाव धान्यकोठारावर मोठ्या अक्षरांत रंगवलेलं आहे. पॅटन १९३४ मध्ये गेला आणि हॉली रिजच्या दफनभूमीत त्याच्यावर दगड बसला १९९१ च्या सुमारास, रॉक गायक जॉन फोगर्टीच्या पैशानं.

इंडियानोलात ब्लूज गायक-गिटारवादक बी. बी. किंगचं संग्रहालय, २००८ मधलं. तो पोरसवदा असताना जिथं काम करायचा ती विटांची जिनिंग इमारत त्यात सामावून घेतलीये. २०१५ मध्ये त्याला तिथंच पुरलं. डेल्टात एखाद्या काळ्या कलावंताची जागा, इमारत आणि समाधी एकत्र राहिलेली इथंच पाहिली. त्यासाठी त्याला जगप्रसिद्ध व्हावं लागलं आणि नव्वदीच्या जवळ जगावं लागलं.

जेवणाला टमाले. डेल्टात हे कुठून आलं याच्या बऱ्याच कथा. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कापसावर आलेल्या मेक्सिकन मजुरांनी आणलं, ही जास्त ऐकू येते. मक्याचं जाडसर पीठ आणि तिखट मांस मक्याच्या पानात गुंडाळतात, हळदीच्या पानातल्या पातोळ्यांसारखं, पण वाफवत नाहीत, मसाल्याच्या पाण्यात शिजवतात. अर्धा डझन मागवले, मग आणखी अर्धा.

आता ब्लूज गायक रॉबर्ट जॉन्सन. १९३६ आणि १९३७ मध्ये टेक्सासात दोनदा ध्वनिमुद्रण, एकूण एकोणतीस गाणी, आणि १६ ऑगस्ट १९३८ ला ग्रीनवुडजवळ मृत्यू, वय सत्तावीस. त्यानं चौफुल्यावर सैतानाला आत्मा विकला ही गोष्ट क्लार्क्सडेलच्या टी-शर्टांवर छापलेली आहे. तीच गोष्ट आधी टॉमी जॉन्सन नावाच्या दुसऱ्याच गायकाबद्दल सांगत. मला त्यापेक्षा त्याच्या थडग्यांची गोष्ट मोलाची वाटते, कारण ती तीन आहेत. मॉर्गन सिटीजवळ माउंट झायन चर्चपाशी १९९१ चा स्तंभ आहे. कीटोला छोटा दगड आहे. तिसरं ग्रीनवुडच्या उत्तरेला लिटल झायन चर्चच्या आवारात, एका झाडाखाली. मृत्यूच्या दाखल्यावर नुसतं ‘झायन चर्च’ लिहिलेलं, आणि डेल्टात झायन नावाच्या चर्चना तोटा नाही. तिसऱ्याचा पुरावा म्हणजे एका म्हातारीची साक्ष, की आपल्या नवऱ्यानं ही कबर खोदली. अभ्यासक आता तिकडे झुकतात. आम्ही तिन्ही पाहिली. तिन्ही ठिकाणी लोकांनी नाणी, गिटारच्या नख्या, दारूच्या बाटल्या ठेवल्या होत्या. फॉकनरच्या थडग्यावरही व्हिस्की ठेवतात म्हणे. पण त्याचं थडगं एकच आहे.

त्याच रस्त्यानं थोडं पुढं मनी हे गाव. गाव म्हणजे ओळीनं चार इमारती. त्यातल्या पडक्या, वेलींनी गिळलेल्या भिंती म्हणजे ब्रायंट यांचं किराणा दुकान. ऑगस्ट १९५५ मध्ये शिकागोहून नातलगांकडे आलेला चौदा वर्षांचा एमेट टिल इथं आला, दुकानदारीण बाईशी बोलला की शीळ घातली यावरून त्याला उचलून नेऊन मारलं. सम्नरच्या कोर्टात सगळ्या गोऱ्या पंचांनी तासाभरात मारेकऱ्यांना सोडलं. नदीकाठी त्याच्या नावाची पाटी लोक गोळ्यांनी चाळण करत राहिले, शेवटी २०१९ मध्ये गोळी न भेदणारी पाटी बसवली. ग्रीनवुडमध्ये २०२२ पासून त्याचा पुतळा आहे. या ठिकाणी भाच्यानं गाडीतलं संगीत बंद केलं आणि ग्रीनवुडपर्यंत परत लावलं नाही.

शुक्रवार, जॅक्सन

सकाळी गोऱ्या कथालेखिका युडोरा वेल्टीचं घर. पाइनहर्स्ट स्ट्रीट, १९२५ मध्ये वडिलांनी बांधलेलं. ती २००१ मध्ये जाईपर्यंत इथंच राहिली. मी पाहिलेल्या लेखकांच्या घरांत हे सगळ्यात जिवंत. पुस्तकं कपाटात मावत नाहीत म्हणून सोफ्यावर, खुर्च्यांवर, जेवणाच्या टेबलावर. ती होती तशीच ठेवलीत. बागेत आईनं लावलेली झाडं जुन्या टिपणांवरून पुन्हा लावली. १९३० च्या दशकात ती सरकारी रोजगार योजनेच्या नोकरीत मिसिसिपीभर हिंडली आणि काळ्या माणसांचे फोटो काढले. तिचे फोटो मला तिच्या काही कथांहून सरस वाटतात.

१२ जून १९६३ च्या मध्यरात्रीनंतर याच शहरात काळ्यांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या मेडगर एव्हर्सला त्याच्या घरासमोर गोळी घातली. वेल्टीनं बातमी ऐकून एका बैठकीत कथा लिहिली, खुन्याच्या तोंडून. मारेकरी अजून सापडला नव्हता. ‘न्यूयॉर्कर’नं जुलैत छापली तोवर अटक झाली होती, आणि कथा इतकी जवळ गेली होती की तपशील बदलावे लागले. खुनी ग्रीनवुडचा निघाला. त्याला शिक्षा झाली १९९४ मध्ये.

दुपारी एव्हर्सचं घर. साधं बैठं, पुढं दरवाजाच नाही, गाडीच्या शेडमधून बाजूनं आत जायचं. जिवाच्या भीतीनं तसं बांधून घेतलेलं. आता ते राष्ट्रीय स्मारक आहे. पण मी थबकले ती रस्त्याच्या पाटीपाशी : मार्गारेट वॉकर अलेक्झांडर ड्राइव्ह. कवयित्री याच रस्त्यावर राहायची. १९४२ चा ‘फॉर माय पीपल’ हा संग्रह, पणजीच्या हकीकतींवरून लिहिलेली १९६६ ची ‘ज्युबिली’ ही कादंबरी. शिकागोत ती राइटची मैत्रीण होती, पुढं त्याचं चरित्र तिनंच लिहिलं. जॅक्सन स्टेट विद्यापीठात तिनं तीस वर्षं शिकवलं आणि १९६८ मध्ये काळ्या इतिहासाची संस्था काढली. १९७३ च्या नोव्हेंबरात तिनं इथं काळ्या कवयित्रींचं संमेलन भरवलं. निक्की जोव्हानी, ऑड्रे लॉर्ड, अ‍ॅलिस वॉकर, सगळ्या आल्या होत्या. तिच्या रोजनिशा विद्यापीठाच्या एअर हॉलमध्ये आहेत. वेल्टीचं घर राहिलं, हिचे कागद राहिले, तेही हिनं स्वतः संस्था उभी केली म्हणून.

राइट जिथं शिकला ती स्मिथ रॉबर्टसन शाळाही जॅक्सनमध्येच, आता संग्रहालय आहे. १९२५ मध्ये पहिला आल्यावर मुख्याध्यापकांनी लिहून दिलेलं भाषण वाचायला त्यानं नकार दिला, आपलंच वाचलं. मी मुख्याध्यापक नव्हते याचा मला आनंद आहे.

शनिवार, नॅचेझ

नॅचेझ नदीच्या उंच कड्यावर. पांढऱ्या खांबांच्या हवेल्या रांगेनं. तिकीट काढून बघतात. राइटचा जन्म या गावाजवळचा, १९०८ चा. त्याच्या नावाची पाटी आहे. माझा सिद्धांत तोवर पक्का झाला होता : गोऱ्याचं घर राहतं, काळ्याचा आवाज राहतो.

तो मोडला विल्यम जॉन्सनच्या घरानं. स्टेट स्ट्रीटवरचं विटांचं घर, १८४० च्या चक्रीवादळात पडलेल्या इमारतींच्या विटा घेऊन बांधलेलं. जॉन्सन गुलाम म्हणून जन्मला, अकराव्या वर्षी सुटला, न्हावी झाला, गोऱ्यांच्या दाढ्या करत दुकानं, जमीन केली. १८३५ पासून १८५१ पर्यंत त्यानं रोजनिशी लिहिली : कुणाकडे किती येणं, शर्यतीत कुठला घोडा जिंकला, गावात कोण कुणाशी भांडलं, पाऊस. जमिनीच्या वादात एकानं त्याला गोळी घातली. साक्षीदार काळे होते आणि आरोपीनं आपण काळा नाही असा दावा केला, म्हणून त्यांची साक्ष चालली नाही, तो सुटला. घर कुटुंबानं १९७६ पर्यंत सांभाळलं, वह्याही पिढ्यान्‌पिढ्या जपल्या. १९५१ मध्ये त्या छापून आल्या.

म्हणजे काळ्या माणसाचं घर राहिलं आणि कागदही. आणि त्या घरात त्यानं स्वतः गुलाम ठेवले होते. रोजनिशीत तेही आहे, चाबकासकट, येण्या-देण्याच्या नोंदींइतक्याच सपाट स्वरात.

भाच्यानं विचारलं, “मग मावशी, हा तुझ्या यादीत कुठं बसतो?” मी म्हटलं, बसत नाही, तू गाडी काढ. खालच्या दुकानातून रोजनिशी विकत घेतली, चांगली जाडजूड आहे. मेम्फिस येईपर्यंत मी १८३७ पर्यंत पोचले होते.